वाडा की पेठ?

गेल्या श्रावणात माझ्या फोनने मला नोटीस दिली. सहा वर्षे इमानेइतबारे चाकरी केलेल्या त्या यंत्राच्या काचेवर एके सकाळी दोन ओळी उमटल्या. त्यांचा मथितार्थ असा की, यापुढे आम्हांला सुरक्षिततेच्या नव्या दुरुस्त्या मिळावयाच्या नाहीत, तुमचे तुम्ही पाहा. पंधरा दिवसांनी बँकेचा व्यवहार त्यावर चालेनासा झाला. फोन तसा धडधाकट होता. काच शाबूत होती, आवाज खणखणीत होता. पण अंगात बळ असूनही माणसाला जसा अठ्ठावन्नाव्या वर्षी कचेरीतून निरोप मिळतो, तसा त्याचा सेवाकाल संपला होता. नवा फोन घेणे आले.

बाजारातून टोपी आणावी इतके हे काम सोपे आहे, अशी माझी समजूत होती. गौरी-गणपतीला मुलगी पुण्याहून आली आणि ती समजूत गेली. ती म्हणाली, "बाबा, आता आयफोनच घ्या. एकदाच काय ते पैसे जातील, पण पुढं कितीतरी वर्षं बघायला नको." माझ्या पुतण्याचे इथे पैठणातच फोनदुरुस्तीचे दुकान आहे. तो आरतीचे तबक खाली ठेवीत म्हणाला, "काका, ताईचं ऐकू नका. तेवढ्या पैशात घरातल्या तिघांना अँड्रॉइड येतील. अन् बिघडला तर मी आहे ना इथं." मुलीने त्यावर उत्तर दिले, पुतण्याने प्रत्युत्तर दिले आणि प्रसादाचे मोदक निवत चालले. दोघेही माझ्या हिताचे बोलत होते आणि दोघांच्याही बोलण्यात तथ्य होते, म्हणूनच मला काही ठरविता येईना. इतक्यात स्वयंपाकघराच्या दारातून सौ. म्हणाली, "अहो, पण आईंचे निरोप आहेत ना त्या फोनमधे? त्यांचं काय करणार?"

वाद तिथेच थांबला. त्या रात्री मला झोप लागली नाही. एरवी ज्याला मी खरेदीचा प्रश्न म्हणालो असतो, तो वस्तुतः निराळाच प्रश्न आहे, असे मला वाटू लागले. त्याचीच ही हकीगत.

प्रथम दोन्ही पक्ष नीट समजून घेतले पाहिजेत. 9 जानेवारी 2007 रोजी स्टीव्ह जॉब्झ यांनी सॅन फ्रान्सिस्कोत ॲपलचा आयफोन जगाला दाखविला. गूगलने त्याआधी 2005 मध्ये अँड्रॉइड नावाची एक लहानशी कंपनी विकत घेतली होती, आणि 2008 च्या अखेरीस तिच्या प्रणालीवर चालणारा पहिला फोन विक्रीस आला. प्रणाली म्हणजे फोनच्या आतला कारभार: काचेवर बोट ठेवले असता काय घडावे, कोणत्या ॲपला आत घ्यावे, कोणाला काय पाहू द्यावे, हे ठरविणारी व्यवस्था. आयफोनमध्ये यंत्रही ॲपलचे आणि कारभारही ॲपलचा. अँड्रॉइडचा कारभार गूगलने लिहिला, पण यंत्रे अनेक कंपन्या करतात, स्वस्त करतात आणि महागही करतात. म्हणूनच आपल्या देशात शंभरांतले नव्वदांहून अधिक फोन अँड्रॉइडचे आहेत.

मला हा भेद आमच्या गावाच्या भाषेत असा समजला. आयफोन हा वाडा आहे. त्याला एक दिंडी दरवाजा, दरवाज्यावर देवडी, देवडीवर पहारेकरी. चौक झाडलेला, विहिरीचे पाणी स्वच्छ, दिवे वेळच्या वेळी लागतात. पण भिंतीत खिळा ठोकावयाचा तर कारभाऱ्याला विचारावे लागते. अँड्रॉइड ही पेठ आहे. हव्या त्या ओट्यावर बसावे, हव्या त्या दुकानात घासाघीस करावी. तिथे गलका आहे, धूळ आहे, क्वचित खिसेकापूही आहे. पण गरिबाला पेठेत शिरताना कोणी अडवीत नाही. माझी मुलगी वाड्याची बाजू घेत होती, पुतण्या पेठेची. आणि माणसाचा स्वभावच असा आहे की काहींना शिस्तीत मोकळे वाटते, तर काहींना मोकळीक मिळाल्यावाचून शिस्त सुचत नाही.

तथापि ही उपमा फार ताणून चालत नाही, हे मला लवकरच कळून आले. पेठ मोकळी खरी, पण तिलाही मालक आहे. पैठणी घेताना जाणती बाई पदर उलटा करून पाहते. हातमागावरच्या अस्सल विणीत मागची बाजूही पुढच्यासारखीच सफाईची दिसते. अँड्रॉइडचा मूळ ताणाबाणा तसा कोणालाही उलटून पाहता येतो. पण त्यावर गूगलने आपल्या ॲपांचे जे भरतकाम केले आहे, त्याचे टाके मात्र झाकलेले असतात. ऑक्टोबर 2022 मध्ये भारताच्या स्पर्धा आयोगाने अँड्रॉइडच्या बाबतीत वर्चस्वाचा गैरवापर केल्याबद्दल गूगलला 1337.76 कोटी रुपयांचा दंड ठोठावला, आणि मार्च 2023 मध्ये अपील न्यायाधिकरणाने तो कायम केला. वाड्याच्या मालकालाही मोकळे सोडलेले नाही. युरोपीय संघाचा नवा कायदा मार्च 2024 पासून लागू झाल्यावर त्या देशांपुरता का होईना, ॲपलला आपल्या दुकानाबाहेरची ॲपे आत येऊ द्यावी लागली. तेव्हा एकीकडे दास्य आणि दुसरीकडे स्वातंत्र्य, असा हा सोपा हिशेब नाही.

शिवाय निवड तरी कितीशी उरली आहे? एके काळी घरोघरी नोकिया होता. 2011 मध्ये त्या कंपनीने आपली जुनी प्रणाली सोडून मायक्रोसॉफ्टचा हात धरला आणि पुढे तो हातही सुटला. साहेबलोकांच्या कमरेला लटकणारा ब्लॅकबेरी आठवत असेल. 4 जानेवारी 2022 रोजी त्याच्या जुन्या फोनांमागची सेवा बंद झाली. त्या फोनांवर ज्यांनी जीव टाकला, त्यांनी काही मूर्खपणा केला होता असे नव्हे. त्या त्या वेळी ती निवड शहाणपणाचीच होती. आज ज्या दोन घरांत आपण निवड करतो आहोत, तीही चिरंतन आहेत असे कोणी समजू नये.

आणि इथे सौ.चा प्रश्न पुन्हा उभा राहिला. माझी आई तीन वर्षांपूर्वी गेली. मी तेव्हा नोकरीनिमित्त लातूरला होतो, ती इथे पैठणच्या घरात. 2020 च्या टाळेबंदीत शेजारच्या मुलाने तिला फोनवरचे बटण दाबून बोलावयास शिकविले. तिला टंकता येत नसे. पण दाबून बोलणे आणि सोडून देणे तिला फार आवडले. तिचे असे त्रेचाळीस निरोप माझ्या फोनात होते. "अरे, षष्ठीला माणसं किती येणार ते कळव, पुरणाला डाळ किती घालू?" असे एक. "कुलूप लावलं का म्हणून विचारत होतास, लावलं बरं का," असे दुसरे. यात साहित्य नाही, तत्त्वज्ञान नाही. पण तिचे पत्र म्हणून माझ्याजवळ काही असेल तर ते हेच.

वाड्यातून पेठेत किंवा पेठेतून वाड्यात जाताना हे सामान बरोबर येते का? 2011 च्या जानेवारीत आपल्या देशात सर्वत्र अशी सोय झाली की, फोनची सेवा देणारी कंपनी बदलली तरी आपला क्रमांक आपल्याजवळच राहतो. मला तो नियम फार मोठा वाटतो. त्याने एका ओळीत सांगितले की क्रमांक कंपनीचा नव्हे, माणसाचा आहे. मात्र क्रमांकाला जे लागू झाले ते निरोपांना आपोआप लागू झाले नाही. निरोपांचे सगळे बाड एका प्रणालीतून दुसऱ्या प्रणालीत नेण्याची अधिकृत वाट व्हॉट्सॲपने 2021 मध्ये आयफोनकडून काही अँड्रॉइड फोनांकडे उघडली, आणि उलट दिशेची 2022 मध्ये. म्हणजे त्याआधी घर बदलणाऱ्याने भांडी बरोबर न्यावीत आणि पत्रांची पेटी मागे सोडावी, अशीच तऱ्हा होती. आता वाट आहे, पण ती ठरावीक वेळी, ठरावीक पद्धतीने चालावी लागते. खरेदीच्या वेळी दुकानात कॅमेऱ्याचे गुण कोणीही सांगतो; बाहेर पडण्याचा दरवाजा कुठे आहे, हे मात्र आपणच विचारावे लागते.

पेटी म्हटल्यावर मला आमच्या माळ्यावरची पेटी आठवली. तिच्यात कागदांचे तीन रुमाल आहेत. पहिला पणजोबांचा, मोडी लिपीत. दुसरा आजोबांचा, बहुतांशी उर्दूत. कारण पैठण तेव्हा निजामाच्या राज्यात होते, आणि 1884 मध्ये फारसीच्या जागी उर्दू ही तिथल्या कारभाराची भाषा झाली होती. तिसरा वडिलांचा, स्वच्छ बाळबोधीत. कारण 1948 मध्ये निजामी संपली, 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि कचेरीची भाषा पुन्हा पालटली. एकाच घरातल्या तीन पिढ्या, एकच शेत, एकच नदी; पण लिहिण्याच्या तीन प्रणाली. यांतल्या एकाचीही निवड चुकली असे मला म्हणवत नाही. मोडीत हात चाले, उर्दूने नोकरी मिळे, बाळबोधीने मुले शिकत. प्रत्येकाने आपल्या काळाला जे योग्य तेच केले.

चूक झाली ती दुसरीकडे. एका रुमालातले दुसऱ्या रुमालात कोणी उतरवून ठेवले नाही. परवा उर्दू शाळेतून निवृत्त झालेल्या एका गुरुजींना मी आजोबांचा एक कागद दाखविला. जमिनीचा दस्त असेल या समजुतीने आम्ही तो तीस वर्षे जपला होता. गुरुजींनी चष्मा वर केला आणि हसून सांगितले की, शेजाऱ्याची बैलजोडी पेरणीपुरती उसनी आणल्याबद्दलची ती चिठ्ठी आहे, आणि शेवटी लिहिले आहे की बैलांना संध्याकाळी गूळ द्यावा. दस्त निघाला असता तर मला बहुधा कमी आनंद झाला असता. पण अशा आणखी किती चिठ्ठ्या त्या रुमालात असतील, आणि पणजोबांच्या रुमालात काय असेल, ते मी जाणत नाही. या गावाला हा विसर नवा नाही. पैठणच्या मातीत सातवाहनांची नाणी सापडतात. त्या नाण्यांवरची ब्राह्मी लिपी आपण सगळेच विसरून गेलो होतो. 1837 मध्ये जेम्स प्रिन्सेपने ती पुन्हा लावली, तेव्हा तिला वाचा फुटली.

या गावाची याहूनही जुनी एक कथा सोमदेवाच्या कथासरित्सागरात आहे, आणि ती मला अलीकडे सारखी आठवते. प्रतिष्ठानचा राजा सातवाहन राण्यांसह जलक्रीडा करीत होता. एक राणी संस्कृत जाणणारी. तिने विनविले की पाणी उडवू नका. 'नको' या अर्थाचा 'मा' आणि 'पाण्याने' या अर्थाचा 'उदकैः' यांचा संधी झाला की 'मोदकैः' असे ऐकू येते. राजाने तत्काळ मोदक मागविले! राणी हसली, राजा खजील झाला आणि त्याने संस्कृत शिकण्याचा निश्चय केला. दरबारी पंडित गुणाढ्य म्हणाला, सहा वर्षे लागतील. दुसरा पंडित शर्ववर्मा म्हणाला, सहा महिने पुरेत. गुणाढ्याने पैज लावली की तसे घडले तर मी संस्कृत, प्राकृत आणि देशी या तिन्ही भाषा सोडीन. तो पैज हरला आणि तिन्ही भाषा त्याने सोडल्या. पुढे अरण्यात राहून त्याने पैशाची भाषेत सात लाख श्लोकांची बृहत्कथा लिहिली. राजाकडे पाठविली, तर राजाने भाषा पाहूनच ती परत केली. तेव्हा गुणाढ्य डोंगरावर अग्नी पेटवून बसला. एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवी आणि अग्नीत टाकी. राजा धावत आला तोवर सहा लाख श्लोक जळले होते, एक लाख उरले होते.

कथेतला राजा चुकला हे उघड आहे. त्याने आतले काही न वाचता वेष्टन पाहून निकाल दिला, जसे आज कॉलेजातली मुले फोनच्या पाठीवरची खूण पाहून मित्राची किंमत करतात. परंतु या कथेचा पुढचा भाग ग्रंथांच्या इतिहासात आहे. गुणाढ्याची मूळ पैशाची बृहत्कथा आज उपलब्ध नाही. ज्या भाषेत ती होती ती भाषाच मावळली. तरीही गोष्टी जगल्या. कारण बुधस्वामीने, क्षेमेंद्राने, सोमदेवाने त्या संस्कृतात उतरवून घेतल्या. पैठणच्या गोष्टी अखेर काश्मिरात वाचल्या. ज्या भांड्यात त्या होत्या ते फुटले, पण कोणीतरी वेळेवर दुसरे भांडे पुढे केले होते.

आता दुसरी कथा, आणि ती तर आमच्या नाथांच्या घरातलीच. एकनाथांनी भागवताच्या अकराव्या स्कंधावरील आपली टीका शके 1495 मध्ये, म्हणजे 1573 साली, काशीत पूर्ण केली, ती मराठीत. देववाणीतला विषय प्राकृतात आणल्याबद्दल तिथल्या पंडितांनी आक्षेप घेतला अशी आख्यायिका आहे. पण त्याहून कठीण आक्षेप घरातून आला. चरित्रकार सांगतात की नाथांचा मुलगा हरिपंडित मोठा शास्त्री झाला आणि वडील मराठीत पुराण सांगतात, दुसऱ्यांच्या घरी जेवतात, हे त्याला खपेना. तो रुसून काशीला गेला. नाथ त्याला समजावून परत घेऊन आले. ते मराठीत सांगणार नाहीत, परान्न घेणार नाहीत, या अटी मान्य करून. मग वाड्यात हरिपंडित संस्कृतात पुराण सांगू लागला. विवेचन निर्दोष होते. पण श्रोते दिवसेंदिवस घटत चालले. ज्यांच्यासाठी दिवा लावावयाचा तेच उठून गेले. पुढे मुलाचे डोळे उघडले आणि नाथांचे पुराण पुन्हा मराठीत सुरू झाले.

ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलो. पण यंदा गणपतीत मुलगी आणि पुतण्या भांडत असताना तिचा एक निराळाच अर्थ माझ्या ध्यानात आला. हरिपंडिताचा प्रश्न होता की श्रेष्ठ भाषा कोणती. नाथांचा प्रश्न होता की समोर कोण बसले आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर ग्रंथात सापडते, दुसऱ्याचे उंबरठ्यावर.

वाचकांनी गैरसमज करून घेऊ नये. आयफोन म्हणजे संस्कृत आणि अँड्रॉइड म्हणजे मराठी, असे समीकरण मी मांडीत नाही. ते अन्यायाचे होईल. आंधळ्या माणसाला काचेवरचे सगळे वाचून दाखविणारी सोय आयफोनमध्ये 2009 सालीच आली, आणि दृष्टी नसलेल्या कित्येकांना त्या महागड्या वाड्याचे दार आपल्यासाठीच उघडल्यासारखे वाटले. माझ्या मुलीच्या कचेरीतले सोबती, तिच्या मैत्रिणी, सगळ्यांजवळ आयफोन आहेत. त्यांच्यात ती तसाच घेते यात गर्व नाही, सोय आहे. तिच्या ओसरीवर जे बसतात त्यांची भाषा ती बोलते. माझ्या ओसरीवर निराळे लोक बसतात. दूधवाला पैसे मिळाल्याचे मला दाखवितो, सौ.च्या भिशीतल्या बायका काय दाबले म्हणजे काय होते ते एकमेकींना शिकवितात. शेजारचे म्हातारे अप्पा नातवाचा फोटो मोठा कसा करावा हे विचारावयास रोज येतात. त्या सगळ्यांजवळ अँड्रॉइडच आहे. मी निराळा फोन घेतला तर अप्पांना काय सांगू?

कोणी म्हणेल की एका फोनसाठी गुणाढ्य आणि नाथमहाराज यांना वेठीस धरणे हे जरा फारच झाले. आक्षेप खरा आहे. नाथांनी मराठी पत्करली ती लोकनिंदा सोसून. आम्ही फोन पत्करतो तो हप्त्यांवर. या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचे अंतर आहे आणि ते बुजविण्याचा माझा हेतू नाही. तरीपण मला वाटते, नीतीचे प्रश्न माणसाला भेटतात ते बहुधा अशाच मापाने. धर्मसंकटे आयुष्यात एखाद-दोन वेळा येतात. दुकानात मात्र आपण रोज जातो. आपल्या सोयीपुरते पाहावे की आपल्याशी बांधलेल्यांचेही पाहावे, आज चकाकते ते घ्यावे की उद्या सोडविता येईल ते घ्यावे, हे ठरविण्याची सवय तिथेच लागते किंवा मोडते.

आणखी एक आक्षेप मीच माझ्यावर घेतला. बाहेर पडण्याचा दरवाजा पाहून घरात शिरावे, हा उपदेश जरा भित्रेपणाचा नाही काय? लग्न करताना कोणी फारकतीचे कलम वाचीत नाही. स्नेह, गाव, भाषा ही सोडण्याची तरतूद करून पत्करावयाची नसतातच. पण विचार करता ध्यानात आले की जिथे दोन्ही पक्ष एकमेकांना बांधलेले असतात तिथेच हा न्याय लागू होतो. मराठी मला सोडून जाणार नाही. गोदावरी मला सेवाकाल संपल्याची नोटीस देणार नाही. फोनची कंपनी मात्र देते, आणि त्यात तिचा दोषही नाही, कारण तिने जन्माचे वचन कधी दिलेच नव्हते. ज्याने वचन दिलेले नाही त्याच्या घरी आईचा आवाज ठेवून मी निर्धास्त झोपत होतो, ही चूक माझी.

मग मी फोन घेण्याचे काम बाजूला ठेवले आणि दिवाळीच्या साफसफाईचे काम आधी हाती घेतले. पुतण्याला बसविले. जुन्या फोनात अकरा हजारांवर चित्रे निघाली. त्यांत शुभ सकाळच्या गुलाबांची, कुठल्याशा दिव्यांची, एकाच ताटाच्या सात-सात फोटोंची गर्दी. गुणाढ्याने सहा लाख श्लोक जाळले ते दुःखाने. मी आठ-नऊ हजार चित्रे पुसली ती आनंदाने. पुसता पुसता मला उमगले की माझी खरी निवड ही होती. कोणता फोन, हा प्रश्न दुकानदाराने मला विचारला होता. काय जपावे, हा प्रश्न मला कोणीच विचारला नव्हता.

आईचे त्रेचाळीस निरोप आम्ही एकेक करून बाहेर काढले आणि कोणत्याही यंत्रावर वाजतील अशा साध्या ध्वनिफितींच्या स्वरूपात करून घेतले. एक प्रत घरच्या संगणकावर, एक मुलीकडे पुण्याला, एक पेनड्राइव्हवर कपाटात. नाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, ज्ञानेश्वरीच्या निरनिराळ्या प्रती जमवून तिचा शुद्ध पाठ सिद्ध केला. तीनशे वर्षांत हातोहात नकला होताना शिरलेले दोष त्यांनी काढले. आपली एक ओवी मात्र आत घालू नका असे पुढच्यांना बजावले. एवढ्या मोठ्या कार्याचे नाव माझ्या किरकोळ उद्योगापुढे घेऊ नये. पण जुने जपणे म्हणजे ते कुलपात ठेवणे नव्हे, पुन्हा पुन्हा उतरवून घेणे होय, हे मी तिथूनच शिकलो. म्हणून एक शंभर पानी वही आणली आणि तिच्यात प्रत्येक निरोपाची तारीख आणि त्यातले आईचे शब्द हाताने लिहिले. वही कोणत्याही प्रणालीत उघडते. नातीने विचारले तर तिला अर्थ लागावा म्हणून षष्ठीला माणसे कशी येतात आणि पुरण किती लागते, हेही बाजूला टिपून ठेवले.

त्यानंतर फोन घेण्याचे काम एका तासात उरकले. मी अँड्रॉइडच घेतला, पुतण्याच्या सल्ल्याने आणि अप्पांच्या सोयीसाठी. सुरक्षिततेच्या दुरुस्त्या किती वर्षे मिळणार, हे मुलीने विचारावयास सांगितले होते. ते आधी विचारले आणि मगच पैसे दिले. तेव्हा दोघांचेही राहिले. मुलगी फोनवरून म्हणाली, "बाबा, पुढच्या वेळी तरी आयफोन घ्या." मी म्हटले, "घेईन की. आता काय, सामान बांधलेलंच आहे."

माळ्यावरचे दोन रुमाल खाली काढून ठेवले आहेत. गुरुजी दर रविवारी येतात. उर्दूतल्या चिठ्ठ्या वाचून सांगतात आणि मी लिहून घेतो. मोडी जाणणाऱ्या एका गृहस्थांनाही विचारले आहे. दिवाळीनंतर येतो म्हणाले. पणजोबांनी काय लिहून ठेवले आहे ते तेव्हा कळेल. कदाचित तेही कोणाच्या तरी बैलांना गूळ देण्याविषयीच असेल.